शेळी नाचली, लोगो झाली!

इथिओपियाच्या डोंगरात काल्दी नावाचा एक पोरगा शेळ्या चारायचा. एकदा दिवस मावळला तरी शेळ्या काही परत येईनात. काल्दी हाका मारत रानात शिरला आणि बघतो तर काय, सगळा कळप नाचतोय! एक शेळी मागच्या दोन पायांवर उभी, दुसरी गिरक्या घेतेय, आणि एरवी जागचा न हलणारा म्हातारा बोकड टणाटण उड्या मारतोय. शेजारी चकचकीत पानांचं एक झाड, त्याला लालचुटुक फळं लगडलेली. काल्दीनेही दोन-चार फळं तोंडात टाकली. थोड्याच वेळात तोही नाचणाऱ्यांत सामील!

मग ओंजळभर फळं घेऊन तो जवळच्या मठात गेला. तिथले महंत भडकले. "हे सैतानाचं काम!" म्हणत त्यांनी फळं थेट विस्तवात भिरकावली. आणि काय सांगू, मठभर असा खमंग वास सुटला की जो तो हातातलं काम टाकून विस्तवापाशी धावला. बिया निखाऱ्यांतून ओढून काढल्या, कुटल्या, गरम पाण्यात घातल्या. त्या रात्री प्रार्थनेच्या वेळी एकालाही डुलकी आली नाही.

कॉफीच्या जन्माची ही गोष्ट जगभर सांगतात. नुसती सांगत नाहीत, रंगवतातही. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा इथे 'काल्दीज' नावाची कॉफीची दुकानं आहेत. जपानमध्ये 'काल्दी कॉफी फार्म' आहे. अमेरिकेत एका कॉफीचं नावच आहे 'डान्सिंग गोट्स', म्हणजे नाचऱ्या शेळ्या! कॉफीची पाकिटं, पाट्या, कप धुंडाळायला लागा, कुठे ना कुठे एखादी शेळी उडी मारताना सापडेलच.

पण एवढ्या मोठ्या गोष्टीतून चित्रकारांनी शेळीच का उचलली? आणि शेळ्या खरंच नाचल्या असतील का? चला, एका हातात भिंग घेऊ, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि गोष्ट जरा उलगडून बघू.

उंट हरला, शेळी जिंकली

काल्दीची गोष्ट पार नवव्या शतकातली, असं सांगणारे सांगतात. पण ती छापलेली सापडते कधी? १६७१ साली, रोममध्ये! फाउस्तुस नायरोन नावाच्या विद्वानाने कॉफीवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात ती आहे. म्हणजे मधली आठशे वर्षं ही गोष्ट कुठे होती, याचा पत्ताच नाही.

त्या पुस्तकातली गोष्ट वाचली तर तुम्ही चक्रावून जाल. तिथे काल्दी हे नावच नाही! तो नुसता 'एक राखण करणारा'. जागासुद्धा इथिओपिया नाही, समुद्रापलीकडचा येमेन. आणि जनावरं कोणती? नायरोन म्हणतो, उंट; पण काही जण म्हणतात, शेळ्या.

विचार करा, उंट! आज कॉफीच्या कपावर नाचरा उंट असू शकला असता. मग तो गेला कुठे? माझा अंदाज सांगतो. कागद घ्या आणि नाचणारा उंट काढून बघा. लांब मान, लांब पाय, वर मदार. तो नाचतोय की धडपडतोय तेच कळत नाही. आता शेळी काढा. दोन शिंगं, हनुवटीला दाढी, छोटी वर वळलेली शेपटी आणि हवेत चार खूर. चार रेघांत शेळी तयार, आणि बघणाऱ्याला हसूही येतं.

गोष्टी तोंडोतोंडी फिरतात तेव्हा असंच होतं. जे डोळ्यांसमोर पटकन उभं राहतं ते टिकतं, बाकीचं गळून पडतं. लोगो करणाऱ्या डिझायनरचं कामही हेच. सगळी गोष्ट त्याला सांगायची नसते. सगळी गोष्ट आठवेल असा एकच क्षण त्याला पकडायचा असतो.

शेळी नाचतेय की जेवतेय?

आता भिंग. लोगोतली शेळी बहुतेक वेळा मागच्या पायांवर उभी असते. कॉफीचा अंमल चढला म्हणून? छे! गावाकडे गेलात तर बोरीच्या किंवा बाभळीच्या झाडाखाली शेळ्या बघा. खालची पानं संपली की शेळी पुढचे दोन पाय बुंध्याला टेकते, मान ताणते आणि मागच्या पायांवर उभी राहून वरचा पाला ओरबाडते. कधी कधी तर बुंध्याचा आधारही घेत नाही. गाय खाली मान घालून गवत खाते, शेळीला मात्र झाडाझुडपांचा पाला जास्त आवडतो. त्यासाठी दोन पायांवर उभं राहणं हा तिचा रोजचाच उद्योग.

म्हणजे एखाद्या पाकिटावर शेळी कॉफीच्या झाडापाशी दोन पायांवर उभी असेल, तर ती नाचतेय असं आपण म्हणतो. शेळीला विचारलं तर म्हणेल, "मी जेवतेय, जरा बाजूला व्हा."

आणि उड्या? करडं तर काहीही न खाता उड्या मारतात! चारही पाय एकदम उचलून, हवेतच अंग वळवून.

मग कॉफीने शेळीला तरतरी येईल का? कॉफीतला तरतरी आणणारा पदार्थ म्हणजे कॅफीन. जर्मनीच्या फ्रिडलीप रुंगे या रसायनशास्त्रज्ञाने तो पहिल्यांदा वेगळा काढला. गंमत म्हणजे त्यासाठी कॉफीच्या बिया त्याच्या हातात ठेवल्या होत्या थोर जर्मन कवी गोएथे यांनी! साल होतं १८१९. कॅफीन मुख्यतः बीमध्ये असतं, वरच्या गोडसर गरात त्याहून बरंच कमी. आणि शेळ्या कठीण बिया चावत बसत नाहीत. बऱ्याच बिया त्या रवंथ करताना थुंकून टाकतात. तेव्हा पाच-दहा फळं खाल्ली म्हणून अख्खा कळप रात्रभर नाचेल, हे काही पटत नाही.

बरं, झाडाने बीमध्ये कॅफीन भरलं तरी कशासाठी? आपल्याला परीक्षेच्या रात्री जागं ठेवायला नक्कीच नाही. बी कुरतडणाऱ्या अनेक किड्यांसाठी कॅफीन विषारी असतं. म्हणजे झाडाने बाळाच्या अंगाला लावलेला तो कडू लेप आहे!

लाल रंग कुणासाठी?

गोष्टीतली दुसरी दिसणारी वस्तू म्हणजे लाल फळ. हिरव्या पानांत लाल ठिपका म्हटलं की कॉफीचं पाकीट डोळ्यांपुढे येतं. गोष्ट ऐकताना वाटतं, शेळ्या त्या लाल रंगालाच भुलल्या.

पण आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात आणि शेळीच्या डोळ्यांत दोनच! त्यामुळे लाल आणि हिरवा यांतला फरक शेळीला आपल्यासारखा ठसठशीत दिसत नाही. आपल्याला पानांतून 'इकडे बघ, इकडे बघ' म्हणणारं फळ तिला पानांतच मिसळून गेलेलं दिसत असणार. ती ते शोधते वासाने आणि चवीने.

याचा थोडासा अंदाज घ्यायचाय? लाल जास्वंदीच्या झाडाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. मघाशी झगझगणारी फुलं पानांच्या करड्या गर्दीत किती फिकी पडली ते बघा. शेळीला सगळं काळं-पांढरं दिसतं असा मात्र याचा अर्थ नाही. तिला निळे, पिवळसर रंग कळतात. फक्त लाल-हिरव्याचं भांडण तिच्या कानावर येत नाही इतकंच.

मग झाडाने फळ लाल केलं कुणासाठी? पक्ष्यांसाठी आणि माकडांसाठी. त्यांना लाल रंग छान ओळखता येतो. ते पिकलेलं फळ खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात. फळ हिरवं असताना आतलं बी तयार नसतं, म्हणून तोवर ते पानांत लपून राहतं. पिकलं की लाल होऊन हाक मारतं. झाड स्वतःच केवढं हुशार डिझायनर आहे बघा! आणि माणसाच्या डोळ्यांसाठी पाकीट रंगवणारा डिझायनर नेमकी हीच युक्ती वापरतो. हिरव्यावर लाल.

वास कसा काढायचा?

गोष्टीतला मला सर्वांत खरा वाटणारा भाग म्हणजे महंतांचा राग. नाही, ते खरंच रागावले होते की नाही, कुणास ठाऊक. पण बी विस्तवात पडल्याशिवाय कॉफीचा वास येऊच शकत नाही, हे मात्र शंभर टक्के खरं.

कॉफीचं कच्चं बी हाताळून बघाल तर निराश व्हाल. रंग करडा-हिरवा, बी दगडासारखं टणक आणि वास वाळक्या गवताचा. ते तव्यावर तापू लागलं की आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. आतली साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी जुळतात आणि त्यातून शेकडो नवे सुगंधी पदार्थ तयार होतात. भाकरीला पडलेल्या खरपूस डागांमागेही हीच रासायनिक क्रिया असते. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास बिया तडतडायला लागतात, कारण आत कोंडलेली वाफ आणि वायू बी फोडून बाहेर येतात. भाजणारे लोक या आवाजाकडे कान लावूनच बसलेले असतात.

इथिओपियात पाहुण्यांसाठी कॉफी करताना हे सगळं पाहुण्यांसमोरच चालतं. बिया धुतात, सपाट तव्यावर भाजतात आणि तो धुरकट तवा पाहुण्यांपुढे फिरवतात, वास घ्यायला! मग बिया कुटून जेबेनात उकळतात. जेबेना म्हणजे गोल पोटाचं, उंच मानेचं मातीचं भांडं. पोट गोल असल्यामुळे चोथा तळाशी बसतो आणि अरुंद मानेतून कॉफी तेवढी बाहेर येते. म्हणून ओतणारी व्यक्ती एकदा भांडं कललं की ते मध्येच सरळ करत नाही. तसं केलं तर बसलेला चोथा पुन्हा ढवळून निघेल ना!

पण डिझायनरची पंचाईत वेगळीच आहे. वास दिसत नाही. तो काढायचा कसा? जगभरच्या चित्रकारांनी एकच तोडगा शोधला. कपावर दोन-तीन नागमोडी रेघा! म्हणजे वाफ. खरं तर पाण्याची वाफ डोळ्यांना दिसतच नाही. आपल्याला दिसतात ते ती थंड होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. न दिसणाऱ्या वासासाठी न दिसणाऱ्या वाफेचे दिसणारे थेंब. कशी वाटली आयडिया?

दारावरचं झाड, कोपऱ्यावरचा पुतळा

कॉफी युरोपात पोचली आणि तिथे नव्या दंतकथा उगवल्या. १६८३ साली तुर्की फौजेने व्हिएन्ना शहराला वेढा घातला होता. कोल्शिट्स्की नावाचा एक जण तुर्की पोशाख चढवून शत्रूच्या छावणीतून निसटला, बाहेर निरोप पोचवून परत आला. तुर्क हरून पळाले तेव्हा त्यांच्या छावणीत विचित्र बियांची पोती सापडली. लोकांना वाटलं, उंटांचा खुराक. कोल्शिट्स्की म्हणाला, "बक्षीस म्हणून मला तीच द्या!" आणि त्याने व्हिएन्नातलं पहिलं कॉफीघर काढलं.

झकास गोष्ट आहे की नाही? पण जुन्या कागदपत्रांत कॉफीघराचा पहिला परवाना दिसतो तो योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याचा, १६८५ सालचा. तरी पुतळा झाला कोल्शिट्स्कीचाच! १८८५ साली व्हिएन्नात एका इमारतीच्या कोपऱ्यावर तो बसवला. अंगात तुर्की कपडे, एका हातात कपांचा ट्रे, दुसऱ्या हाताने उंचावरून कॉफी ओततोय. परवान्याचा कागद पुतळ्यात दाखवता येत नाही, वेषांतर दाखवता येतं. पुन्हा तेच. जे दिसतं ते जिंकतं.

व्हिएन्नातल्याच युलियस माइनल या कॉफी कंपनीसाठी १९२४ साली योझेफ बिंडर या चित्रकाराने लोगो केला. उंच लाल तुर्की टोपी घातलेला मुलगा, बाजूने दिसणारा. २००४ साली कंपनीने तो एकाच लाल रंगात आणला. बाकीचे सगळे रंग गेले तरी टोपीच्या आकारावरून तो ओळखू येतोच.

जर्मनीतल्या लाइपझिग शहरातही एका जुन्या कॉफीघराच्या दारावर सुमारे ३०० वर्षांपूर्वीचं शिल्प आहे. कॉफीच्या झाडाखाली ऐसपैस रेललेला तुर्क, जवळ भलीमोठी किटली, आणि समोर पंख असलेलं गुटगुटीत देवबाळ. दोघांच्या मध्ये कॉफीचा पेला.

या सगळ्या चित्रांत एक गोष्ट खटकते का बघा. इथिओपियाचा शेतकरी कुठेच नाही! युरोपला कॉफी मिळाली तुर्कांकडून, म्हणून त्यांच्या चित्रांत कॉफी म्हणजे तुर्क. झाड लावणारा, फळं तोडणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. चित्र बघताना त्यात कोण आहे हे तर बघायचंच, पण कोण राहून गेलं हेही विचारायचं.

सात बियांचं गणित

आता आपल्या शेजारची गोष्ट. बाबा बुडन नावाचे सूफी संत सतराव्या शतकात हजच्या यात्रेला गेले. येताना येमेनमधल्या मोखा बंदरात त्यांनी कॉफी चाखली. तिथून कॉफीचं जिवंत बी बाहेर जाऊ देत नसत. बिया उकळून किंवा भाजूनच विकत, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या जमिनीत त्या रुजायला नकोत. बाबांनी सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, असं सांगतात. त्या डोंगरांना आजही बाबाबुडनगिरी म्हणतात.

बिया लपवल्या कुठे? कुणी म्हणतं कमरेला बांधल्या, कुणी म्हणतं दाढीत! चित्रकाराला विचाराल तर तो दाढीच निवडेल. पांढरीशुभ्र दाढी आणि तिच्यात सात बिया. चित्र तिथेच झालं!

पण फक्त सात बियांतून मळा उभा राहील? इथे विज्ञान गोष्टीच्या बाजूने उभं राहतं. अरेबिका कॉफीच्या फुलाला स्वतःच्याच परागकणांनी फळ धरतं. म्हणजे शेजारी दुसरं झाड नसलं तरी चालतं. एक झाड जगलं तरी त्याच्या बियांतून पुढची झाडं येतात. अडचण एकच. कॉफीचं बी फार काळ टिकत नाही. काही महिन्यांत त्याची उगवण्याची ताकद ओसरते. तेव्हा बाबांना वाटेत रेंगाळून चाललं नसतं.

हे बी उगवतानाही मोठं ऐटबाज दिसतं बरं का. कोंब जमिनीतून वर येतो तो आख्खं बी डोक्यावर घेऊनच! वाफ्यात अशी रोपं रांगेने ताठ उभी असतात, म्हणून मळेवाले या अवस्थेला 'सोल्जर' म्हणतात. असे सात शिपाई कुणी लोगोत उभे केले तर? कॉफीची झाडं बघायला कर्नाटकातच जायला हवं असं नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला कॉफी पिकते.

मोखा ते मोका

ज्या मोखा बंदरातून त्या बिया आल्या, त्याचं नाव एका भांड्यालाही मिळालं. इटलीच्या अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली ते बाजारात आणलं. ॲल्युमिनियमचं, आठ पैलूंचं 'मोका' पॉट. खालच्या कप्प्यात पाणी, मध्ये कॉफीची पूड, वरचा कप्पा रिकामा. गॅसवर ठेवलं की खालची हवा आणि वाफ दाबाने पाण्याला ढकलतात. पाणी नळीतून वर चढतं, पुडीतून जातं आणि वरच्या कप्प्यात कॉफी होऊन बुडबुडत येतं. पैलू असल्यामुळे भांडं पिळून उघडताना हात घसरत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, 'मोमा'मध्ये, हे भांडं जपून ठेवलंय.

आता तुमची पाळी

मोखाचीच एक गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. तिथे उमर नावाचा एक साधू होता. तो आजारी माणसांना बरं करायचा. काहीतरी बिनसलं आणि त्याला गावातून हाकलून दिलं. वाळवंटातल्या डोंगरात, एका गुहेत तो उपाशी राहू लागला. काही जण म्हणतात, एका पक्ष्याच्या मागे मागे जाऊन त्याला लाल फळं सापडली. ती कडू लागली म्हणून त्याने भाजली. भाजून कडक झाली म्हणून उकळली. ते तपकिरी पाणी प्यायला आणि अंगात तरतरी आली. मग ही बातमी मोखाला पोचली आणि ज्या गावाने हाकललं होतं त्याच गावाने त्याला मानाने परत बोलावलं.

या गोष्टीचा लोगो तुम्ही करायचा. नियम तीनच. रंग एकच वापरायचा. अक्षर एकही लिहायचं नाही. आणि चित्र एवढं लहान की शर्टाच्या बटणावर मावेल. गुहा घ्याल, पक्षी घ्याल, उकळतं भांडं घ्याल की परत येणाऱ्या उमरची पावलं? सगळं घ्यायला गेलात तर बटणावर नुसता गोंधळ होईल.

चित्र झालं की घरातल्या अशा कुणाला तरी दाखवा ज्यांनी हा लेख वाचलेला नाही. काहीही समजावून सांगू नका. "छान आहे हं," म्हणून त्यांनी परत दिलं, तर दुसरा क्षण निवडा आणि पुन्हा काढा. "अरे, हे काय आहे? काय झालं होतं?" असं विचारलं, तर तुमचा लोगो जमला. आता त्यांना कॉफीसोबत गोष्ट सांगा.